बरणीतलं पाणी

नाकाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं त्या दिवशी मामाने गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कपाटातले बूट काढून पायात चढवले. नाक दाखवायला बूट कशाला, असं मामीने विचारलं. मामा म्हणाला, "सव्वीस वर्षं ज्याच्या जिवावर पोट भरलं ते दाखवायला चाललोय. जरा नीटनेटकं जायला नको?" भाचा दारात स्कूटरची किल्ली बोटात फिरवत उभा होता. तो हसला. हसणं भागच होतं, कारण मामाच्या नाकाला काहीही झालेलं नाही हे त्या घरात त्या घडीला त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि ते तो सांगत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "काय त्रास होतो?"

"नसलेला वास येतो," मामा म्हणाला.

"कधी?"

"आठवड्यातून एकदा. सुट्टीच्या दिवशी सकाळी."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "फक्त सुट्टीच्या दिवशी?"

"ओढ्याकाठी फिरायला जातो ना, तेव्हा. सडक्या अंड्यासारखा वास. आमच्या कारखान्यात काळा रंग लागायचा त्या दिवशी कच्च्या पाण्याला यायचा, अगदी तस्सा. पण तो येणं आता शक्य नाही."

"का बरं?"

"कारण आता पाणी चोख असतं. मशीन सांगतं तसं. मीच सव्वीस वर्षं उगाच जास्त औषध ओतत होतो, हे सिद्ध झालंय." मामाने हे सर्दी-खोकल्याची हकिगत सांगावी तसं सरळ सांगितलं. "म्हणजे वास पाण्यात नाही, नाकात आहे. काही थेंब-बिंब असतील तर द्या."

डॉक्टरने त्याला डोळे मिटायला लावले आणि एकेक बाटली नाकाखाली धरली. मामाने लवंग ओळखली, कॉफी ओळखली, लिंबू, व्हिनेगर, रॉकेल ओळखलं. सहाव्या बाटलीला तो जरा थांबला. "साबण," तो म्हणाला, "पण ह्या बाटलीत आधी स्पिरिट होतं." डॉक्टरने नर्सकडे पाहिलं. नर्स ओशाळून म्हणाली, "कालच धुतली होती."

"तुमचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे," डॉक्टर म्हणाला.

कोणीही खूश झालं असतं. मामाचा चेहरा मात्र उतरला. थोडा वेळ तो हातातल्या रुमालाची घडी घालत बसला, मग म्हणाला, "म्हणजे बिघाड डोक्यात आहे."

डॉक्टर भला माणूस होता. एकच काम आयुष्यभर केलेल्या माणसांना कधी कधी असं होतं, काम सुटलं तरी मन सुटत नाही, मन रमवा, ओढ्याकडे काही दिवस जाऊ नका, असं त्याने समजावलं. मामा मान हलवत राहिला. भाचा समोरच्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होता. दोन वाक्यं बोलला असता तर काम झालं असतं. त्याच्या जिभेला मात्र कुलूप लागलं होतं, आणि ते त्याने स्वतःच लावलेलं होतं.

परत येताना मामा मागच्या सीटवरून त्याच्या कानाशी म्हणाला, "भाचेबुवा, मामीला डोक्याचं सांगू नका. उगाच घोर लागेल तिला." भाचा "बरं" म्हणाला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढच्या चौकात लाल दिवा लागलेला त्याला दिसलाच नाही, आणि एका टेम्पोवाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आज कुणीतरी आपल्याला शिव्या दिल्या याचं त्याला जरा बरंच वाटलं.

आता हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं.

त्यांचा कारखाना कापड रंगवायचा. रंगखात्याचा एक नियम असतो, तो कुठल्याही रंगाऱ्याला विचारा: आठवड्याची सुरुवात फिक्या रंगाने करायची आणि शेवट काळ्याने. आधी पांढुरका, मग पिवळा, गुलाबी, मग निळा, तपकिरी, आणि शेवटच्या दिवशी काळा. कारण काळ्यानंतर मशीन धुवावंच लागतं, ते सुट्टीच्या आधी एकदाच धुतलं की झालं. त्यामुळे आठवड्यातून एकच दिवस काळं पाणी यायचं, पण यायचं ते सगळ्यांचा बाप बनून. त्याला तो सडक्या अंड्याचा वास असायचा. ते पाणी ओढ्यात सोडायच्या आधी त्यात हिराकस आणि चुना घालावा लागे, मग घाण खाली बसे आणि वर नितळ पाणी राही.

किती हिराकस घालायचं हे मामाला कळायचं. कसं, ते विचारू नका. काचेच्या चार ग्लासांत पाणी घेऊन तो चार मापं घालून बघायचा, कुठल्या ग्लासात गाळ बसतो ते पाहायचा, पण तो उपचार झाला. ग्लास भरायच्या आधीच त्याने टाकीवर वाकून हुंगलेलं असायचं आणि आकडा ठरलेला असायचा. कारखान्यात सगळे त्याला 'नाकवाले' म्हणत. चौदा वर्षांपूर्वी भाच्याला त्यानेच कारखान्यात चिकटवलं. भाचा मीटर सांभाळायचा, म्हणून तो झाला 'मीटरवाला'. एका घरात एक नाक आणि एक मीटर, अशी चेष्टा कॅन्टीनमध्ये रोजची होती.

मग कारखाना हुशार व्हायचा ठरला. प्रत्येक मशीनवर सेन्सर बसले, भिंतीवर मोठे पडदे लागले, कुठल्या मशीनमध्ये कुठला रंग किती पाण्यात चाललाय ते साहेबांना घरबसल्या दिसू लागलं. पाण्याच्या प्लांटच्या शेवटच्या कुंडात एक प्रोब बसला. प्रोब म्हणजे अंगठ्याएवढी जाड कांडी, टोकाला नाजूक काच. बाहेर जाणारं पाणी कसं आहे ते ही काच क्षणाक्षणाला सांगायची. पाणी बिघडलं की भोंगा वाजायचा आणि सगळी मशिनं आपोआप बंद पडायची. ह्या प्रोबची काळजी भाच्याकडे आली. शेवटच्या कुंडावर एक छोटी खोली बांधली, तिला कुलूप आणि किल्ली फक्त भाच्याकडे.

पहिला प्रोब तिसऱ्या आठवड्यात मेला. काळ्या पाण्यातला साका, म्हणजे बारीक गाळ, काचेवर बसला तो निघेचना. मामाने कितीही नितळ केलं तरी काळ्या पाण्यात थोडं काहीतरी राहायचंच, आणि काच त्याला भारी हळवी. नवा प्रोब यायला दीड महिना लागला, आणि साहेबांनी भाच्याला सगळ्यांसमोर असा झापला की त्याचे कान दोन दिवस गरम होते.

दुसऱ्या प्रोबला तो लेकरासारखा जपू लागला. काळ्या रंगाच्या दिवशी तो प्रोब कुंडातून बाहेर काढायचा, मऊ ब्रशने साफ करायचा आणि एका प्लास्टिकच्या बरणीत उभा करून ठेवायचा. काच कोरडी पडली की मरते, आणि साधं नळाचं पाणी तिला मानवत नाही, म्हणून बरणीत तो त्याच कुंडातलं, पण आठवड्याच्या सुरुवातीचं, फिक्या रंगाच्या दिवसाचं शुद्ध झालेलं पाणी भरून ठेवायचा. काळं पाणी सगळं निघून गेलं की प्रोब परत कुंडात. मग सुट्टी.

पडद्यावर 'देखभाल' असं एक बटण होतं. प्रोब बाहेर काढला की ते दाबायचं, म्हणजे त्या वेळचे आकडे धरले जात नाहीत. पण ते दाबून तासभर झाला की बाहेरचा व्हॉल्व आपोआप बंद व्हायचा, आणि काळं पाणी जायला सहा तास लागायचे. म्हणून भाचा ते बटण दाबायचा नाही. त्यात त्याला काही वावगंही वाटलं नाही. मामा पलीकडच्या टोकाला हिराकस बरोबर घालत होता, बाहेर जाणारं पाणी खरोखरच चांगलं होतं, आणि पडद्यावरही ते चांगलंच दिसत होतं. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं असं ज्याला वाटतं त्याने कारखान्यात काम केलेलं नसतं.

मामाला त्याने हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच त्याला वाटलं नव्हतं.

मग नव्या इंजिनियर मॅडम आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. लोकांनी नाकं मुरडली, पण पहिल्याच दिवशी त्या गुडघ्याएवढे बूट घालून गाळाच्या हौदात उतरल्या आणि कॅन्टीनमधली चेष्टा थांबली. त्यांचं म्हणणं साधं होतं. हिराकस जितकं जास्त, तितका गाळ जास्त, आणि तो गाळ शेवटी कुठेतरी जमिनीत पुरावा लागतो. कुठल्या मशीनमध्ये काय चाललंय ते आता कळतंच, तर पाणी प्लांटवर पोचायच्या आधीच किती औषध लागेल ते प्रोग्रामला ठरवता येईल. प्रोग्राम दर आठवड्याला डोस जरासा कमी करून बघेल, शेवटच्या कुंडातला प्रोब काय म्हणतो ते पाहील आणि शिकत जाईल.

आणि ते खरंच जमलं. फिक्या रंगांच्या दिवसांत हिराकस एक तृतीयांश वाचलं, गाळ निम्मा झाला. मामाने स्वतः ग्लासात पाहून "पोरगी हुशार आहे" असं सर्टिफिकेट दिलं. खोट काळ्याच्या दिवसात होती. प्रोग्राम बिचारा प्रामाणिक. त्याने काळ्याचा डोस जरा कमी केला आणि प्रोबकडे पाहिलं, प्रोब म्हणाला छान. आणखी कमी केला, प्रोब म्हणाला छान. प्रोब बरणीत बसून दुसरं काय म्हणणार?

मॅडमनी भाच्याला एकदा चहाच्या वेळी विचारलं, "काळ्याच्या दिवशी आकडे फारच चांगले येतात. प्रोब ठीक आहे ना?"

"प्रोब अगदी बरोबर आहे," भाचा म्हणाला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

हा तो क्षण होता. पुढे कित्येक महिने दात घासताना, जेवताना, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी उभा असताना त्याला तोच चहाचा कप आठवायचा. तेव्हाच तो म्हणाला असता, की मॅडम, त्या दिवशी मी तो बाहेर काढतो, तर फार तर वर्षभर बटण न दाबल्याबद्दल एक मेमो मिळाला असता. पण त्याला साहेबांचं ते झापणं आठवलं आणि तो गप्प बसला.

महिनाभरात मामा कुरकुरू लागला. "वास राहतोय. हिराकस वाढवा." त्याने ग्लास लावून दाखवले, गाळ बसत नव्हता. मॅडमना काळजी वाटली. त्यांनी भाच्याला दोनदा प्रोब तपासायला लावला. भाच्याने मापाच्या द्रावणात बुडवून तो तपासला, बरोबर निघाला, त्याने कागदावर सही केली. साहेब म्हणाले, "मामांचं वय झालं. हात थरथरतो, माप चुकत असेल." मॅडमनी मामाला शेजारी बसवून आलेख दाखवला. उद्धटपणे नव्हे, अगदी मुलगी बापाला दाखवेल तसा. मामा बराच वेळ त्या सरळ रेषेकडे पाहत राहिला.

"म्हणजे मी इतकी वर्षं तिप्पट ओतत होतो," तो म्हणाला. "तो सगळा गाळ मी वाढवला."

त्याच महिन्यात त्याने राजीनामा दिला. कुणी काढलं नाही, तो स्वतःच म्हणाला की नाक म्हातारं झालंय, आता मशीनला करू दे. निरोपाला आरामखुर्ची मिळाली. ती कारखान्याच्या टेम्पोतून घरी आणून बाहेरच्या खोलीत मांडली ती भाच्यानेच. मामा तिच्यात बसून बघत म्हणाला, "पाठीला बरी आहे," आणि भाचा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिला.

नंतर प्रत्येक काळ्याच्या दिवशी त्याच्या मनात यायचं, आज बरणी बाजूला ठेवू आणि प्रोब कुंडात राहू देऊ. पण आता डोस इतका घटला होता की प्रोब तसाच ठेवला असता तर भोंगा त्याच मिनिटाला बोंबलला असता, आणि मग पहिला प्रश्न आला असता की इतके महिने का बोंबलला नाही? पूर्वी तो प्रोब वाचवायला बरणी वापरत होता. आता स्वतःला वाचवायला वापरत होता. ओढ्याकाठच्या लोकांनी एकदा सरकारी कार्यालयात तक्रारही केली. तिथल्या माणसाने आकडे उघडून पाहिले, आकडे चोख होते, आणि सुट्टीच्या दिवशी ओढ्यापर्यंत येऊन बघायला त्याला सवड नव्हती. ओढ्याच्या खालच्या अंगाला, कारखान्यापासून मैलभरावर मामाचं घर होतं.

तर असं हे नाक डॉक्टरकडे गेलं होतं.

दवाखान्याच्या फेरीनंतर दहा दिवसांनी कारखान्याला बक्षीस मिळालं. पर्यावरणातल्या नव्या शोधाबद्दलचं, बऱ्यापैकी नावाजलेलं. समारंभ कॅन्टीनमध्येच ठेवला. टेबलं भिंतीला लावून खुर्च्यांच्या रांगा मांडल्या होत्या आणि जुन्या कामगारांना खास बोलावणं गेलं होतं. मामा तेच बूट घालून आला आणि दुसऱ्या रांगेत भाच्याशेजारी बसला.

साहेब भाषणाला उठले. "पूर्वी आपला प्लांट एका नाकावर चालायचा," ते म्हणाले, आणि हशा पिकला. मामाही हसला, वर हात करून त्याने नाकाला बोट लावून दाखवलं, त्यावर पुन्हा हशा. मग साहेबांनी जाहीर केलं की काळ्या रंगाची ही पद्धत पुढच्या महिन्यापासून कंपनीच्या बाकीच्या चारही कारखान्यांत सुरू होणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाच्याचे हात मांडीवरून उठले नाहीत. एका ओढ्याचे आता पाच ओढे होणार होते, आणि ते त्याच्या एका बरणीवर उभे होते.

मॅडम फार थोडं बोलल्या. "मामांनी शंका घेतली म्हणून मी दोनदा तपासलं. ते नसते तर मी इतकी खात्री केली नसती. बक्षिसातला एक वाटा त्यांचा."

समारंभ संपल्यावर मामा चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ गेला. "छान काम केलंस पोरी. माझंच डोकं फिरलं होतं. अजून फिरतं, खोटं नाही सांगत. ओढ्यावर मला तोच वास येतो. नाक तपासून आलो, डॉक्टर म्हणाला नाक ठणठणीत आहे, डोक्याचं बघा. विचार ह्याला, हा होता साक्षीला."

मॅडम हसू लागल्या आणि अर्ध्यात थांबल्या. "कधी येतो वास?"

"सुट्टीच्या दिवशी सकाळी. वेडाचंही वेळापत्रक असतं बघ."

मॅडमनी भाच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. आकड्याचं माणूस एखादा आकडा दिसला की बघतं, तसं त्यांनी पाहिलं. काळ्याचा दिवस, मग रात्र, मग सकाळ. त्या मनातल्या मनात जुळवत असाव्यात. आणखी आठवडाभराने त्यांनी ते जुळवलंही असतं. भाच्याला हे कळलं, आणि आपण पकडले जाणार ह्या भीतीपेक्षा त्याला दुसरीच गोष्ट असह्य झाली. मामा स्वतःच्या वेडाचा विनोद करून लोकांना हसवत होता आणि साक्षीला त्याला उभं करत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "परवा काळा आहे. दुपारी शेवटच्या कुंडावरच्या खोलीत या. काही दाखवायचंय."

"आत्ता सांगा की."

"सांगून नाही. दाखवतो."

परवाच्या दुपारी त्या आल्या. खोलीत दोघांना उभं राहायला जेमतेम जागा. भाच्याने फळीवरची बरणी दाखवली. प्रोब तीत उभा होता, वायर भिंतीपर्यंत गेलेली. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर आकडे हिरवे होते. खाली कुंडातून काळं पाणी वाहत होतं, आणि वास इतका होता की मॅडमनी ओढणी नाकाला लावली.

मॅडम बरणीकडे पाहत राहिल्या. भाच्याने प्रोब उचलला आणि कुंडात सोडला.

आकडे आधी पिवळे झाले, मग लाल. मग भोंगा वाजला. रंगखात्यातली मशिनं एकेक करून बंद पडत गेली, शेवटचं बंद पडल्यावर कुणीतरी लांबून "काय झालं रे?" असं ओरडलेलं ऐकू आलं. मॅडमनी पुढे होऊन बाहेरचा व्हॉल्व स्वतःच्या हाताने बंद केला. मग त्या तिथेच एका उपड्या ड्रमवर बसल्या.

"किती महिने?"

"काळ्याच्या दिवशी? दुसरा प्रोब आल्यापासून. तुम्ही यायच्या आधीपासून."

"मी तुम्हाला तीनदा विचारलं."

"हो."

"त्यांना मी शेजारी बसवून आलेख दाखवला," त्या म्हणाल्या. "मी त्यांना समजावलं." मग त्यांनी डोळे पुसले आणि साहेबांना फोन लावला. साहेबांनी पलीकडून पहिला प्रश्न विचारला, आणखी कुणाला कळलंय? दुसरं म्हणाले, सोमवारपर्यंत तो प्रोब परत बरणीत ठेवा, मग शांतपणे बघू. मॅडम म्हणाल्या की आजचे आकडे जसे आहेत तसे सरकारी कार्यालयात आपोआप गेलेत, आणि बक्षीसवाल्यांना त्या स्वतः कळवणार आहेत. फोन ठेवून त्या भाच्याकडे वळल्या. "टाक्या काठोकाठ भरल्यात. ह्याला किती हिराकस लागेल हे प्रोग्रामला माहीत नाही. त्याला खोटंच शिकवलंय. मामांना घेऊन या."

"मला बोलायला वेळ लागेल त्यांच्याशी."

"लागू दे. पण आज आणा."

भाचा पोचला तेव्हा मामा आरामखुर्चीत बसून मटार सोलत होता. मामी आत होती. भाचा समोरच्या स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पहिला प्रोब मेला तिथपासून. कुठेही स्वतःची बाजू मांडली नाही. मांडायला सुचलीही नाही. मामाचे हात मध्येच थांबले, एक शेंग उघडून तशीच बोटांत राहिली.

"म्हणजे वास होता?" मामा म्हणाला.

"होता."

"कच्च्याचाच?"

"हो."

मामाचा चेहरा उजळला. एखाद्याला हरवलेली वस्तू खिशातच सापडावी तसा. "अगं," त्याने आत हाक मारली, "ऐकलंस का? वास खरा होता. डोकं ठीक आहे माझं." मामी ओले हात पुसत बाहेर आली, तिला काहीच कळेना, कारण डोक्याचं तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मामा तोवर उठलाही होता. "टाक्यांत किती पाणी आहे? चुना आहे ना शिल्लक? आधी चुना घालू नका म्हणावं, आधी हिराकस." तो बुटांकडे वळला, खाली बसून एक बूट पायात घातला.

आणि मग नाडी बांधता बांधता तो हळूच थांबला.

"थांब," तो म्हणाला. "डॉक्टरकडे तू होतास ना बरोबर?"

"होतो."

"मी बाटल्या हुंगत होतो तेव्हा समोर बसला होतास."

"हो, मामा."

मामाने नाडीची गाठ मारली. दुसरा बूट घातला, त्याचीही गाठ मारली. त्याला बराच वेळ लागला. "माझे डोळे मिटलेले होते," तो म्हणाला. "तुझे उघडे होते."

भाच्याला माफी मागायची होती. सबंध वाटभर त्याने वाक्य जुळवलं होतं.

"चला, स्कूटर बाहेरच आहे," तो कसाबसा म्हणाला.

"मी चालत जातो," मामा म्हणाला. "त्या पोरीला फोन करून सांग, अर्ध्या तासात पोचतो. वीस पोती काढून ठेवा म्हणावं."

मामा बाहेर पडला आणि ओढ्याच्या कडेने कारखान्याकडे चालू लागला. भाच्याने फोन केला, वीस पोती सांगितली. मग त्याने स्कूटरचा स्टँड काढला, पण ती सुरू केली नाही. ती ढकलत तो मामाच्या मागे वीस पावलांचं अंतर ठेवून चालत राहिला. मामाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पुलाजवळ तो क्षणभर थांबला, पाण्यावर वाकून त्याने हुंगलं, मान हलवली आणि पुढे निघाला.